एका घोडीपुरती जागा

मैना जाणार हे ठरलं, त्यावर घरात कोणी रडलं नाही. वाद झाला तो ती कशात बसून जाणार यावरून.

"त्यात काय एवढं?" योगेंद्र म्हणाला. "पिकअप बोलावू, पाटाच्या बांधाला मागून लावू, घोडी चालत आत जाईल. सारंगखेड्याच्या यात्रेला दर वर्षी अशीच जाते की."

"आणि तीन वर्षांपूर्वी उतरताना तिचा मागचा पाय मुरगळला, तोही असाच ना?" चेतना म्हणाली. "ती उघडी पिकअप, खाली पत्रा, त्यात मोलगीचा घाट. मी व्हिडिओ पाहिलेत, अहो. घोड्यासाठी वेगळा ट्रेलर मिळतो. एका घोड्याचा. मैना जायचीच असेल तर नीट जाऊ दे."

आबा, म्हणजे तिचे सासरे हिंमतराव, ओसरीवर खाटेच्या काठाशी बसून सुतळीला पीळ देत होते. घोडी त्यांची. चौदा वर्षांपूर्वी यात्रेतून आणलेली, आणि निवडलेली सासूबाईंनी, धनुबाईंनी. चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा टिळा. पंचकल्याणी आहे, हीच घ्या, म्हणून त्या तिथेच धुळीत अडून बसल्या होत्या म्हणे. पुढे धनुबाई गेल्या. मैना राहिली.

आबांनी मान वर न करता एवढंच विचारलं, "तठे माणूस कोठे उभा ऱ्हाई?"

"माणसाची गरजच नसते, आबा. पुढे छातीपाशी दांडा, मागे दांडा, खाली रबर. घोडी पडत नाही. उलट आत माणूस असला तर त्यालाच धोका. म्हणून तर ते सुरक्षित."

"तिले सवय शे," आबा म्हणाले. "माणूस पुढे उभा ऱ्हास, तिना गळावर हात ठेवस."

"सवय होते हो, आबा."

आबांनी पुन्हा सुतळीला पीळ द्यायला घेतला. "तू निवड मंग. तुले समजस."

यात टोमणा नव्हता. असता तर चेतनाला बरं वाटलं असतं.

कारण मैनेला घराबाहेर काढणारी तीच होती. तिच्या पाच वर्षांच्या भाग्येशला दम्याचा पहिला झटका आला तेव्हा सगळ्यांनी उसाच्या धुराला दोष दिला. दुसऱ्या वेळी कपाशीच्या धुळीला. चेतना बी.एस्सी. झालेली, तिने कोणाचं ऐकून घेतलं नाही, पोराला घेऊन थेट नंदुरबार गाठलं. डॉक्टरांनी त्याच्या हातावर सुयांनी थेंब टोचले आणि सगळ्या थेंबांत एकच फुगून लाल झाला. घोड्याचे केस, घोड्याचा कोंडा. "घोडी लांब ठेवा," डॉक्टर म्हणाले, "आणि घोडी हाताळणारं माणूससुद्धा. कपड्यांवर येतं ते."

आबांनी मैना शेतातल्या गोठ्यात हलवली. शेतावर जायचे कपडे वेगळे ठेवले. संध्याकाळी परत आले की ते मागच्या अंगणातल्या टाकीशीच आंघोळ करायचे, थंडी असो की काही असो. तेवढा वेळ भाग्येश मागच्या दाराच्या आत उभा राहून ओरडायचा, "झालं का, आबा?" आणि बाहेरून आवाज यायचा, "एक तांब्या ऱ्हायना!" पुन्हा "झालं का?" पुन्हा "एक तांब्या ऱ्हायना!" तो एक तांब्या कधी संपायचाच नाही. पोरगं हसून हसून दाराला लोंबकळायचं. मग ओल्या केसांचे आबा एकदम आत यायचे आणि त्याला उचलून खांद्यावर घ्यायचे.

एवढं करूनही दिवाळीनंतर तिसरा झटका आला. त्या सकाळी भाग्येशचे ओठ निळे पडले. त्याच्या बरगड्यांखाली प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता. योगेंद्रने शहाद्यापर्यंत गाडी कशी नेली ते त्याचं त्याला आठवत नाही. पोरगं वाचलं. दवाखान्यातून घरी आल्यावर चेतना सासऱ्यांसमोर येऊन उभी राहिली. आबाच म्हणाले, "फत्तेसिंगले फोन करस मी."

फत्तेसिंग हे आबांचे यात्रेतले जुने सोबती. मोलगीकडच्या डोंगरात त्यांचं घर. यात्रेत दोघं शेजारी शेजारी घोडे बांधायचे, एकाच चुलीवर भाकरी खायचे. मैना विकायची नव्हती, द्यायची होती, आणि द्यायची तर अशाच माणसाला. आबा इतक्या पटकन कबूल झाले की चेतनाला सुटल्यासारखं झालं. त्या सुटकेचीच तिला मागाहून लाज वाटली, आणि त्या लाजेपोटी तिने ट्रेलरचा ध्यास घेतला.

शहाद्याजवळ भिकन नावाचा एक वेल्डिंगवाला होता. उसाच्या ट्रॉल्या बनवायचा. यात्रेत मिरवणाऱ्या एका हौशी माणसाने त्याच्याकडून घोड्याचे दोन ट्रेलर करून घेतले होते. ते आता त्याच्याच आवारात उभे असायचे आणि भाड्याने जायचे. एकाला वर नुसत्या सळया आणि ताडपत्री. दुसरा पूर्ण बंद, पांढरा, पत्र्याचं छप्पर, बाजूला हवेच्या झडपा, मागे उताराची रुंद फळी.

चेतना वाकून खाली गेली, टायर बघितले. आतलं रबर उचलून लाकडी तळ टाचेने दाबून पाहिला, कुठे मऊ तर लागत नाही ना. हुकाला सांधलेली साखळी ओढून बघितली. दिव्यांची वायर हातात धरून शेवटापर्यंत गेली.

भिकनने गुटख्याचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात केला. "ताई, घोडी न्यायची शे का नवरी?"

"घोडीच. पण आमच्याकडे नवरीपेक्षा तिचा मान मोठा."

"मंग दाजींना सांगा, घोडीले एसी बसवू." मग जरा गंभीर होत तो म्हणाला, "वजन किती व्हई तिचं? तुमची बोलेरो ओढेल, पण घाटात मला खात्री पाहिजे."

वजन कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी चेतना शिंप्याकडची टेप घेऊन, तोंडाला मास्क लावून, योगेंद्रचा जुना शर्ट घालून शेतावर गेली. छातीचा घेर आणि अंगाची लांबी यांवरून वजन काढायचं गणित तिने शोधून ठेवलं होतं. वर्षभर ती या जनावराकडे लांबूनच, वैऱ्याकडे बघावं तशी बघत आली होती. आता टेप पोटाखालून पलीकडे घ्यायची म्हणजे घोडीला मिठीच मारावी लागणार होती. मैना हलली नाही. तिच्या कानांची आत वळलेली टोकं एकमेकांना टेकली. उन्हात तापलेल्या गोधडीसारखी ऊब होती तिच्या अंगाला. चेतनाची नजर सवयीने बरगड्यांकडे गेली. झोपलेल्या भाग्येशच्या बरगड्या बघून बघून ती खोडच जडली होती. मैनेची कूस संथ भरायची, संथ रिती व्हायची. कुठे ओढ नाही, खड्डा नाही, शिट्टी नाही.

असा श्वास, चेतनाच्या मनात आलं, नुसता असा श्वास माझ्या पोराला मिळाला असता तर तुला कशाला काढलं असतं, बाई.

घरी आल्यावर भाग्येश हात पसरून धावत आला तेव्हा तिला दोन पावलं मागे सरावं लागलं. "थांब, आधी आंघोळ." आबा रोज कशातून जातात ते तिला त्या दोन पावलांत कळलं.

बंद ट्रेलरच ठरला. चेतनाने त्यात घोडीच्या वजनाइतकी वाळूची पोती भरायला लावली आणि योगेंद्रला भिकनच्या आवारात चकरा मारायला लावल्या. एकदा तर पोती काढून ती स्वतःच आत उभी राहिली, छातीच्या दांड्याला धरून. "सावकाश हं!" योगेंद्रने चालत्या माणसाच्या वेगाने एक फेरा मारला. हवा येत होती. तळ घट्ट होता. हिसका बसला तर दांडा पेलत होता. पुढे मात्र सगळा पत्रा. बाहेर कोण चाललंय, कोण आपल्याला नेतंय, काही दिसत नव्हतं. नुसता खडखडाट. क्षणभर तिला आत फार एकटं वाटलं. पण एकटं वाटणं हा काही गाडीचा दोष नव्हे. ती खाली उतरली आणि म्हणाली, "हाच."

ट्रेलरच्या नाकाडाशी, पत्र्याच्या अलीकडे, सामानासाठी एक छोटं कपाट होतं. आबांनी ते उघडून बघितलं. आतून हात फिरवला. "बरं शे," म्हणाले. ट्रेलरबद्दल त्यांनी काढलेला तेवढाच एक चांगला शब्द.

जायच्या आदल्या संध्याकाळी आबांनी आंघोळीला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. "झालं का, आबा?" "एक तांब्या ऱ्हायना!" भाग्येश दमून गेला तरी तांब्या संपेना. मग आबा आले, नातवाला मांडीवर घेतलं, त्याच्या केसांना तेल लावलं. ताटातला घासही त्यांनीच भरवला. चेतना दारातून बघत होती. तिला वाटलं, घोडी जाणार म्हणून जीव कुठेतरी गुंतवतायत.

सकाळी नंदुरबारहून योगेंद्रची बहीण ममता आली ती भाग्येशला सांभाळायला. घोडी दारावरून जाणार, म्हणून खिडक्या बंद, दारं बंद. आबांनी मैनेच्या पायांवर पाणी घातलं, टिळ्यावर हळदकुंकू लावलं, आयाळीला लाल गोंडा बांधला. गल्लीतल्या बायका ओवाळायला आल्या. एकीने पदर डोळ्याला लावला. दुसरी म्हणाली, "नवरीना संगे पाठराखीन कोन शे, हो आबा?"

आबा हसले. "शे ना," म्हणाले.

मैना उताराच्या फळीवर चढली ती आबा पुढे होते म्हणून. ते आत गेले, ती आत गेली. ते बाजूच्या छोट्या दाराने बाहेर आले आणि भिकनने शिकवलं होतं तसा योगेंद्रने मागचा दांडा लावला. आबांनी कपाटात एक पत्र्याची ट्रंक आणि बोचकं ठेवलं. मैनेचं सामान, चेतनाला वाटलं. झूल असेल, खरारा असेल. पोराच्या छातीतली बारीकशी घरघर भिंतीपलीकडून ओळखणाऱ्या या बाईने त्या ट्रंकेकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

निघताना आबा बंद खिडकीसमोर अंगणात उभे राहिले. आत भाग्येशने काचेला नाक लावून चपटं केलं होतं. आबांनी हात वर केला. पोराने दोन्ही हात वर केले. आबा जागचे हलेनात, तेव्हा योगेंद्रने हळूच हॉर्न दिला.

आबा पुढे बसले. चेतना मागच्या सीटवर उलटी, गुडघे टेकून, मागच्या काचेतून ट्रेलरवर नजर ठेवून. केळीच्या बागा गेल्या, उसाच्या बैलगाड्या गेल्या. वेग ठरल्याप्रमाणे बेताचा. खड्डा आला की ती ओरडायची, "हळू!" आणि योगेंद्र म्हणायचा, "मग गाडी तूच चालव ना."

तळोदा येईपर्यंत सगळं ठीक होतं. तळोद्याच्या पुढे पहिली लाथ ऐकू आली.

पत्र्यावर बसलेली लाथ बंदुकीच्या बारासारखी वाजते. मग दुसरी. मग मैना खिंकाळली. चेतनाने मैनेला खिंकाळताना पुष्कळदा ऐकलं होतं. शेतात आबांची सायकल दिसली की ती खिंकाळायची. हे ते नव्हतं. हे हाक मारणं होतं, आणि ओ न मिळाल्यावर पुन्हा, अजून मोठ्याने.

आबा पुढे बघत बसले होते. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट.

अक्कलकुव्याला गुजरातकडे जाणाऱ्या ट्रकांच्या रांगेमागे त्यांनी गाडी कडेला घेतली. चेतनाने बाजूचं दार उघडलं तेव्हा आतून वाफ आल्यासारखं झालं. मैना घामाने काळी पडली होती. मानेवरून फेस ओघळत होता. डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता. आणि तिच्या बरगड्या, त्या संथ बरगड्या, भात्यासारख्या चालल्या होत्या. ही चाल चेतनाच्या ओळखीची होती.

आबा आत शिरले, मैनेच्या गळ्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटत राहिले. चहावाल्याने दिलेला चहा थंड होईस्तोवर घोडी शांत झाली. पाणी प्याली.

"चला मंग," आबा आतूनच म्हणाले. "लाव दार. मी आठेच ऱ्हास."

"नाही, आबा!" चेतना जवळजवळ किंचाळली. "ब्रेक मारला आणि ती अंगावर आली तर? एक माणूस उभा राहील एवढी जागाच नाहीये आत!"

"तू ऱ्हायनी व्हती ना उभी?"

"तेव्हा घोडी नव्हती!"

"हां," आबा म्हणाले. "तेच तर."

ते उतरले. सुनेचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता, तोही मोडला नाही. दार बंद झालं आणि गाडी हलली तशी आत पहिली लाथ बसली.

घाट सुरू झाला. चढणीला लागताच मागचं वजन गाडीला खेचू लागलं. मैना एका अंगावरून दुसऱ्या अंगावर रेटत होती आणि प्रत्येक रेट्याला बोलेरोची शेपटी झुलत होती. एका वळणावर दरी अगदी खिडकीला आली. योगेंद्रच्या मानेवरून घाम गळत होता. "ही पाडेल आपल्याला," तो दबक्या आवाजात म्हणाला. रुंद जागा आली तशी त्याने गाडी थांबवली आणि चाकांना दगड लावायला धावला.

तोवर आबा मागे पोचले होते. त्यांनी कोणाला विचारलं नाही. फळी खाली टाकली, दांडा काढला, आत जाऊन दोर सोडला. मैना पाठमोरी, थरथरत, लंगडत उतार उतरली, वळली आणि तिने कपाळ आबांच्या छातीला लावलं. हळदकुंकू त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला लागलं. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं. बराच वेळ ती दोघं तशी उभी होती आणि चेतना ट्रेलरच्या दाराला धरून, आतल्या लाथांनी पोचे पडलेल्या पत्र्याकडे बघत होती.

"मी चालस तिना संगे," आबा म्हणाले. "तुम्ही या मांगून."

"आबा, घाट मोठाय," योगेंद्र म्हणाला.

"माहीत शे."

आणि ते निघाले. पुढे आबा आणि मैना. मागून दिवे लुकलुकवत बोलेरो. बोलेरोच्या मागे रिकामा ट्रेलर. म्हातारा माणूस, मागच्या पायाने अधू घोडी. आबांचा हात तिच्या गळ्यावर आणि तिची मान त्यांच्या खांद्याला टेकलेली. कोण कोणाला आधार देतंय ते मागून कळत नव्हतं. चेतना आता पुढे बसली होती, आबांच्या जागेवर. आता मागे वळून बघण्यासारखं काही नव्हतं.

वरून एसटी आली. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "ओ बाबा! गाडी रिकामी अन् घोडी पायी? उलटं झालं की!"

"गाडी मन्ही सूननी शे," आबा ओरडले, "घोडी मन्ही शे. जो तो आपली लई जाई ऱ्हायना!"

एसटीतली माणसं हसली. योगेंद्रही हसला. चेतनाने तोंड खिडकीकडे फिरवलं. एवढं शोधलं, एवढं मोजलं, तळ दाबून पाहिला, साखळी ओढून पाहिली. आबांनी एकच गोष्ट विचारली होती, माणूस कोठे उभा राहील.

फत्तेसिंगच्या पाड्यावर पोचले तेव्हा उन्हं कलली होती. फत्तेसिंग आणि त्यांची बायको हिरीबाई आधीच वाटेवर येऊन थांबले होते. मोहाच्या झाडाखाली जमीन सारवून घेतलेली, गवताच्या पेंढ्या रचलेल्या. मैनेने पाणी हुंगलं, प्याली, आणि लोळायला खाली बसली. "रमली," फत्तेसिंग म्हणाले. "लोळली म्हणजे रमली."

चेतनाला हायसं वाटलं. भाकरी झाली, चहा झाला. योगेंद्र म्हणाला, "चला, आबा, उजेडात घाट उतरू."

आबांनी ट्रेलरचं ते छोटं कपाट उघडलं. ट्रंक आणि बोचकं काढून हिरीबाईंच्या ओट्यावर ठेवलं. बोचक्याची गाठ सैल होती. त्यातून दोन धोतरं, सदरे, चष्म्याचं घर आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची पिशवी दिसत होती. ओट्यावर नव्या दोरीची खाट होती, अजून कोणी न बसलेली. चेतनाने हिरीबाईंकडे पाहिलं. हिरीबाईंनी नजर खाली वळवली.

"यांनी फोनवर सांगितलं तेव्हाच विणली, ताई," फत्तेसिंग हळूच म्हणाले.

"आबा," चेतना म्हणाली, "हे काय?"

आबा खाटेवर बसले. "बठ, बेटा."

ती बसली नाही.

"तो पोऱ्या निळा पडना ना," आबा म्हणाले, "त्या दिन पहाटे मी मैनाना गळामा पडीसन उनू व्हतू. धनुनी आठवन उनी व्हती. घर उनू, आंघोळ करी, पन थंडी व्हती, डोकं धोयं नही. अन् तो झोपमाईन उठना, मन्हा गळामा हात टाकना." ते थांबले. "मैनानं काहीच नही. मन्हं व्हतं ते."

"आता मैना लांब आहे ना, आबा! आता काय भीती?"

"मी घर उनू तर काय व्हई? चार दिन ऱ्हासू. पाचव्या दिनले एसटीमा बठसू अन् आठे येसू. परत येसू तवय कपडासवर तेच. माले मन्हाच भरोसा नही, बेटा. पोऱ्याना श्वास मन्हा भरोसावर नको."

तिला खूप बोलायचं होतं. डोकं धुवा, टोपी घाला, मी स्वतः पाणी तापवून देईन, मास्क आणते, डॉक्टरांना विचारते. पण तिच्या डोळ्यांसमोर ते निळे ओठ आले आणि तिच्या तोंडून यातलं काहीही निघालं नाही. आबा तिच्याकडे बघत होते. ती बोलत नाहीये हे त्यांनी पाहिलं, आणि समजल्यासारखी मान हलवली.

योगेंद्र ट्रेलरपाशी जाऊन हुक आवळत होता. हुक केव्हाच आवळून झाला होता. तो पुन्हा सैल करत होता, पुन्हा आवळत होता.

"भाग्येशला काय सांगू मी?" शेवटी तिने विचारलं.

"सांग, मैना नवी नवरी शे. तिले पाठराखीन जोयजे. आबा पाठराखीन गया."

"पाठराखीण परत येते, आबा."

"येस ना. नवरी रमनी का येस."

झाडाखाली मैना लोळून उठली होती, अंग झाडत होती. रमली, फत्तेसिंगनी मघाशीच सांगितलं होतं. आबांनीही ते ऐकलं होतं.

चेतना पाया पडायला वाकली. आबांनी हात उचलला, पण तिच्या डोक्यावर ठेवला नाही, हवेतच धरला. "तू घर जाई ऱ्हायनी," ते म्हणाले. "मन्हा हातले तिना केस शेतस."

उतरताना रिकामा ट्रेलर खडखडत राहिला. ती उलटी वळून बसली नाही. तळोदा मागे पडल्यावर योगेंद्र म्हणाला, "मला वाटलं होतं, मैनेला विसरायला लावू आपण त्यांना." तिने त्याच्या हातावर हात ठेवला आणि लगेच काढला; पाड्यावर त्याच हाताने तिने मैनेचा दोर धरला होता.

घरी दिवेलागण झाली होती. ममताने दार उघडलं आणि भाग्येश तिच्या पायांमधून बाहेर निसटला. दोन्ही हात पसरलेले. "मम्मी! आबा कुठंय?"

चेतना मागे सरली. "थांब, बाळा. आधी आंघोळ."

ती घराला वळसा घालून मागच्या अंगणात गेली. टाकीशी आबांचा तांब्या पालथा होता, शेजारी दगडावर त्यांच्या साबणाची चपटी झालेली वडी. थंडी कडक होती. ममता गरम पाणी आणते म्हणाली, ती नको म्हणाली. टाकीला भिंतीचा आडोसा होता, अंधार होता. अंगावरच्या कपड्यांनिशीच ती दगडावर बसली आणि डोक्यावरून पहिला तांब्या ओतला. आधी डोकं. आधी केस धुवायचे.

तिच्या शालीला आयाळीचा एक लांब केस चिकटला होता. तिने तो बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मग पाण्यात सोडून दिला. दाराच्या फटीतल्या उजेडात, केळीच्या बुंध्याशी जाईपर्यंत तो तिला दिसत राहिला, मग दिसेनासा झाला.

मागच्या दाराच्या आत पावलं वाजली. पोरगं तिथे येऊन उभं राहिलं होतं, रोजच्या जागी. तिने कान दिला, सवयच ती. श्वास स्वच्छ होता. शिट्टी नाही, घरघर नाही.

"झालं का?" भाग्येश ओरडला.

चेतना घरात कधी अहिराणी बोलली नव्हती. पोराच्या शाळेसाठी, पोराच्या भाषेसाठी. तिने तांब्या भरला, आणि दातावर दात वाजत असताना तिच्या तोंडून आपोआप आलं,

"एक तांब्या ऱ्हायना!"

दाराआड पोरगं खुदकन हसलं आणि दाराला लोंबकळलं, बिजागऱ्या कुरकुरल्या.

"झालं का, आबा?"

तिने दुसरा तांब्या भरला. पाणी डोळ्यांवरून गेलं. दाराआडून पुन्हा हाक आली, अजून मोठ्याने, हसत हसत. तिने तांब्या पुन्हा टाकीत बुडवला.